वजन झाले, शिक्षणाचे काय?

वऱ्हाडात 'कॉन्व्हेंट' हा शब्द आता आपला राहिलेला नाही. अमरावतीच्या वा अकोल्याच्या कोणत्याही वसाहतीत जावे. दोन खोल्या, लोखंडी फाटक, रंगविलेली भिंत आणि वर 'कॉन्व्हेंट' अशी पाटी. आत धर्मभगिनी नसते, बहुधा अंगणही नसते. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल मात्र असते. शिकविणाऱ्या बाईंचे प्रशिक्षण काय, हे शासनाने वर्षानुवर्षे विचारले नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातील हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी कलम 11 शासनाला सोय करण्याची मुभा देते, बंधन घालत नाही. 2025 मध्ये अशा शाळांना नोंदणी करण्यास सांगण्यात आले. परंतु नोंद म्हणजे तपासणी नव्हे.

आता याच अमरावती जिल्ह्याचे दुसरे टोक पाहा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मेळघाटातील धारणी त्यांपैकी एक. अंगणवाडी सेविकेला शासनाने कधीच मोकळे सोडले नाही. वजन, उंची, आहार, हजेरी, साऱ्यांची नोंद. 2021 पासून ती 'पोषण ट्रॅकर'वर. ते तेव्हा इंग्रजीत होते आणि दिलेले मोबाईल निकृष्ट होते, म्हणून त्याच वर्षी राज्यभरातील सेविकांनी ते शासनाला परत केले. वजन घेणे व्यर्थ आहे, असे मेळघाट पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. परंतु नोंदींच्या या ओझ्याखाली गोष्ट सांगायची केव्हा, गाणे म्हणायचे केव्हा?

म्हणजे गरिबाच्या मुलाचे वजन पाहिले जाते, शिक्षण नाही; आणि फी भरणाऱ्याच्या मुलाचे काहीच पाहिले जात नाही. 'अंगणवाडी'ची कल्पना मांडणाऱ्या ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीतच राहिल्या होत्या. शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह. आपण शब्द ठेवला, आग्रह सोडला.

शासनाचा हात लागला की कागद वाढतील आणि टेबलाखालचे व्यवहारही, असे आपले संस्थाचालक म्हणतील. भीती खोटी नाही. पण तिच्या आडोशाने मोकळे राहणे प्रामाणिकपणाचे नाही. तपासणी कागदांची नसावी. अनुभवी बालशिक्षिकेने वर्गाच्या कोपऱ्यात दोन तास बसावे आणि पाहावे: मूल खेळते का, प्रश्न विचारते का, कोरकू मुलाला त्याच्या भाषेत उत्तर मिळते का. धारणीच्या अंगणवाडीला जो निकष, तोच अकोल्याच्या नर्सरीला.

वाचकहो, आणि आपल्या शाळांना? आपल्याही नर्सऱ्यांत इवल्या मुलांच्या मुलाखती झाल्या आहेत, गृहपाठाच्या वह्या भरल्या आहेत. कायद्याची वाट न पाहता खऱ्या कॉन्व्हेंटांनी आपली दारे प्रथम उघडावीत. आपले नाव उसने घेणाऱ्यांवर रागावण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच.