जुनी पदे, नवे कंठ

'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, आणि आमचे शेलूबाजारही १९९८ पर्यंत त्याच अकोला जिल्ह्यात. म्हणून या पदांवर आमच्या घरी थोडा हक्कच सांगितला जातो! २०१५ च्या चित्रपटात 'रॉक ऑन'चे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी त्यांतील काही पदे नव्याने बसविली. खाँसाहेबांसाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल. "पद बाटविले," म्हणून वडिलांनी ते अर्ध्यावरच बंद करविले. वाद्यांची गर्दी आम्हांसही खटकली. परंतु वाचकहो, दीनानाथांच्या गायकीवर लुब्ध असूनही वसंतरावांनी त्यांची नक्कल कोठे केली? पुतणी सध्या 'घेई छंद' शिकत आहे. ताना कोणाच्या घ्याव्या, हे तिच्यावर सोपवावे, असे वडिलांस विनविले आहे. उत्तर अद्याप मिळालेले नाही.