बापाची ऐपत आणि मुलाची 'गुणवत्ता'

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून गुणवंतांचे फोटो झळकतात. मुलाच्या कष्टांचे कौतुक होते, आईने त्याच्यासाठी नोकरी सोडल्याचेही अभिमानाने छापले जाते. वस्तीतला नापास झालेला पोरगा मात्र 'आईबापाने लक्ष दिले नाही' या एका वाक्यात निकाली काढला जातो. हे वाक्य शिक्षक बोलतात, अधिकारी बोलतात. आता तर वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेलेले आपले शिकलेसवरलेले लोकही तेच बोलू लागले आहेत. म्हणूनच या वाक्याची तपासणी करणे चळवळीचे काम आहे.

लक्ष देणे म्हणजे नेमके काय? मुलासाठी वेळ देणे, पैसा खर्च करणे आणि पुढची वाट माहीत असणे. या तिन्ही गोष्टींनी मूल घडते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की या तिन्ही गोष्टी या देशात कोणाच्या वाट्याला आल्या?

सुभेदार रामजींचे उदाहरण आपण नेहमी देतो. भीमरावांना हवे ते पुस्तक मिळावे म्हणून रामजी मुलींचे दागिने गहाण ठेवत आणि पेन्शन आले की सोडवून आणत. परळच्या एका खोलीत मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवत. असा बाप प्रत्येक मुलाला मिळावा. परंतु या कथेचा दुसरा भाग आपण विसरतो. रामजी स्वतः लष्करात शिकले आणि तेथील शाळेत त्यांनी शिकवले. त्यांच्या हातात दरमहा पेन्शन होते, म्हणूनच गहाण ठेवलेला दागिना परत येत होता. लष्कराचे हेच दार १८९० च्या दशकात महारांसाठी बंद करण्यात आले. त्यानंतरच्या कित्येक बापांकडे रामजींइतकीच तळमळ असेल, पण ना शिक्षण होते ना पेन्शन. तळमळ बापाची असते, ती पुरी करण्याची ऐपत मात्र व्यवस्था देते किंवा हिरावून घेते.

विज्ञानही हेच सांगते. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग झाला. काही घरी आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एक तास जात. मुलाशी कसे बोलावे, घरच्या वस्तूंच्या खेळण्यांनी त्याला कसे खेळवावे, हे त्या आईला दाखवीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तर ज्यांच्या घरी ही भेट होत होती ती मुले, ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती. नुसत्या पोषक आहाराने असा टिकाऊ फरक पडला नव्हता. गुलामांच्या वंशजांच्या त्या वस्तीत आईची माया कमी नव्हती. कमी होता तो आधार, आणि तो आठवड्याला एका तासात देता आला.

आपल्याकडे हा आधार देण्यासाठी २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. गावोगाव अंगणवाडी आली. पण सेविकेच्या वाट्याला काय आले? आहाराचे वाटप, वजनाच्या नोंदी, मोबाईलवर माहिती भरणे, शिवाय सरकारी मोहिमांची कामे. तिला पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांना त्यासाठी संपावर जावे लागले. अशा सेविकेने घरोघरी जाऊन आईशी निवांत कधी बोलावे?

कायद्यातही हीच मेख आहे. मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली होती, तीही दहा वर्षांच्या मुदतीत. मुदत केव्हाच उलटली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा वयापुरते. सहा वर्षांखालचे मूल मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. ज्या वयात बुद्धी आणि भाषा घडते, नेमके तेच वय बापाच्या खिशावर सोडून दिले. खिसा भरलेला असेल तर नर्सरी, प्लेग्रुप, गोष्टींची पुस्तके. ऊसतोडीला गेलेल्या आईच्या लेकराला फडातली खोपी.

एवढे करूनही शासनाचे समाधान झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. न्यायालयाने वाचवले, पण शासनाची नियत उघडी पडली. एकीकडे पालकांना दोष द्यायचा आणि दुसरीकडे त्यांची वाट अडवायची, हा दुटप्पीपणा आपण ओळखला पाहिजे.

मात्र शासनाला जाब विचारताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांत वस्तीतील विहारात वर्षभर अभ्यासिका चालू शकते. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात लहानग्यांना गोष्टी सांगाव्यात, वाचून दाखवावे. त्याला निधी लागत नाही. निरक्षर आईनेही भाकऱ्या मोजायला लावल्या, दिवसभर काय पाहिले ते विचारले, तरी मुलाची भाषा वाढते. तिला हे कोणीतरी सांगायला हवे.

सहा वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क, सेविकांना कायम नोकरी आणि वेतन, प्रत्येक विहारात अभ्यासिका, या मागण्या आता चळवळीच्या व्यासपीठावरून झाल्या पाहिजेत. पहिल्या दोन शासनाकडे, तिसरी आपल्या स्वतःकडे. बाबासाहेबांना एक रामजी लाभले. ज्या लेकराचा बाप ऐपतीअभावी रामजी होऊ शकत नाही, त्याच्यासाठी अख्ख्या समाजाने रामजी व्हावे. तोपर्यंत तरी 'आईबापाने लक्ष दिले नाही' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.