पायात चाललंय काय?

हल्ली ऑफिसात जो तो पावलं मोजतोय. ‘आज १०,००० झाली!’ असं सांगत जिन्याने वर येणारे महाभाग तुमच्याही मजल्यावर असतीलच. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळतोय. पावलं किती ते कळलं, पण एका पावलाला पायातले स्नायू जोर किती लावतात?

सोप्पं वाटतं ना? ६० किलोचा माणूस, पायावर ६० किलो. छे! बर्लिनच्या बर्गमान आणि मंडळींनी चक्क कृत्रिम खुब्यात सेन्सर बसवून मोजलं. २००१ साली छापलेला त्यांचा आकडा असा: ताशी सुमारे ४ किलोमीटरने चालताना खुब्यावर वजनाच्या सरासरी २३८ टक्के भार! म्हणजे ६० किलोवाल्याला १४० किलोच्या वर. हा जादा भार स्नायूंचाच. एक पाय उचलला की अंग त्या बाजूला कलंडू बघतं. ते सावरायला टेकलेल्या पायाच्या खुब्याजवळचे स्नायू हाडाला खेचून धरतात.

पण प्रत्येक स्नायूत मीटर कोण बसवणार? मग कॉम्प्युटर कामाला लागतो. अंगावर चकचकीत गोळ्या चिकटवून कॅमेऱ्यांसमोर चालायचं, जमिनीतली प्लेट पावलाचा दाब मोजते. त्यावरून सांध्याला किती पीळ लागला ते निघतं. खरी गोची पुढे आहे. सांधा एक, स्नायू बरेच आणि समीकरणं कमी. कामाची वाटणी कशी झाली? (अगदी आपल्या ऑफिसातलाच प्रश्न!) कॉम्प्युटर गृहीत धरतो की शरीर हुशार आळशी आहे, कमीत कमी कष्टात भागवतं.

हा फंडा चालतो बरं का. २००१ मध्येच टेक्सासच्या अँडरसन आणि पँडी यांनी ५४ स्नायूंचं मॉडेल केलं. पावलाची सुरुवात आणि शेवट ठरवून दिला, मधलं त्याचं त्याने बघायचं. हुकूम एकच, अंतराच्या मानाने ऊर्जा कमीत कमी खर्च कर. आणि ते बऱ्यापैकी माणसासारखं चाललं!

आता म्हणाल, उपयोग काय? सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुलं गुडघे वाकवून चालतात. मांडीमागचे स्नायू आखूड असतील म्हणून ऑपरेशन करून ते लांबवतात. १९९६ मध्ये स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांची चाल मॉडेलवर तपासली. बऱ्याच जणांचे ते स्नायू आखूड नव्हतेच! मग सुरी कशासाठी? डेल्प यांच्याच स्टॅनफर्डच्या टीमने २००७ मध्ये ‘ओपनसिम’ हे सॉफ्टवेअर जगाला फुकट दिलं.

अर्थात, मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज. गृहीतक बदललं की आकडा बदलतो. म्हणून तर बर्लिनच्या खुब्यासारख्या खऱ्या मोजमापाशी तो ताडून बघावा लागतो. पण बॉस, एखाद्या पोराच्या पायावर सुरी ठेवण्याआधी हा अंदाज कुणीतरी बघावा, एवढं तरी मला फार मोलाचं वाटतं.