विद्यापीठ म्हणजे घर नव्हे

नव्या कुलगुरूंनी पदभार घेतला की चार-आठ दिवसांत सभागृहात स्वागताचा कार्यक्रम होतो. आमच्या शहरातल्या विद्यापीठातही तो झाला. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी समिती असते तिच्यावर मी बाहेरची सदस्य आहे, म्हणून मलाही पत्रिका आली. पत्रिकेवर माझ्या नावामागे 'सौ.' लावलेले होते. मी लग्न केलेले नाही. असो.

कुलगुरू या खेपेला बाई आहेत. या विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्याच. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या रांगांतल्या मुलींनी ज्या टाळ्या वाजवल्या त्यांत मीही होते, आणि मनापासून होते. मॅडम छान बोलल्या. पण पाचव्या मिनिटाला 'परिवार' आला. आपण सगळे एक परिवार आहोत, मी तुमच्या आईसारखी आहे, काही अडले तर घरातल्या माणसाकडे यावे तसे या. बाजूला चहाचे ट्रे घेऊन सफाईच्या बायका थांबल्या होत्या. त्यांतली एक माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, परिवारात आम्ही बी धरलोय का वो? तीन म्हैने झाले, ठेकेदारानं पगार दिला न्हाई."

मैत्रिणींनो, कुटुंब म्हणजे काय हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. कर्ता कोण, मागून जेवायचे कोणी, बोलायचे कोणी, सोसायचे कोणी हे सगळे घरात आधीच ठरलेले असते. ते कुठे लिहिलेले नसते, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. घरात माया असते, हक्क नसतो. हे घरच विद्यापीठात आणून बसवले की काय होते ते मी समितीवर बसून पाहिले आहे. तक्रारींबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. कायदाही लिहू देत नाही आणि मनही. पण तक्रार आली की कोणी ना कोणी ज्येष्ठ मला जिन्यात गाठतात, हे सांगायला हरकत नाही. म्हणतात, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. 2013 च्या कायद्यात समेट आहे, पण तो तक्रार करणाऱ्या बाईने मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर तर मुळीच नाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. घरात अशी मुदत कोण पाळतो?

आपली भाषाही गंमतीची आहे. कुलगुरू, कुलपती, कुलसचिव! सगळ्यांच्या आधी 'कुल' आहेच. हिंदीत कुलगुरूंना आजवर 'कुलपति' म्हणत आले. 2025 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने तो शब्द काढून 'कुलगुरु' आणायचे ठरवले, कारण 'पति' शब्दात पुरुष गृहीत धरलेला आहे. मध्य प्रदेश आणि राजस्थाननेही तेच केले आहे. जेएनयूत हा बदल झाला तेव्हा कुलगुरू होत्या शांतिश्री पंडित. त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू, 2022 मध्ये पुणे विद्यापीठातून तिकडे गेलेल्या. आपल्याकडचा शब्द त्यांनी तिकडे नेला असे म्हणायला हरकत नाही. चांगले झाले, 'पती' गेला. 'कुल' मात्र जागेवरच आहे.

त्यांनी पद घेतले तेव्हा त्यांचे पहिले निवेदन गाजले ते इंग्रजी व्याकरणाच्या चुकांमुळे. खासदारांपासून सगळ्यांनी त्यावर तोंडसुख घेतले. बाईच्या चुका मोजायला लोकांना फार वेळ असतो. त्या निवेदनात जे शोधायला हवे होते ते वेगळेच होते. 'विशाखा' निकाल 1997 चा. त्यानंतर 1999 मध्ये या विद्यापीठाने 'जीएसकॅश' नावाची समिती उभी केली. तिच्यावर विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांचे प्रतिनिधी मतदानाने निवडून येत. देशभरच्या महाविद्यालयांतल्या कार्यकर्त्या तिचे दाखले देत असत. 2017 मध्ये प्रशासनाने ती बरखास्त केली आणि तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यायचे असतात, पण शिक्षक आणि कर्मचारी सदस्य नेमले जातात. नेमणारे तेच, आणि उद्या तक्रार त्यांच्याच जवळच्या माणसाविरुद्ध आली तर? निवडलेल्या आणि नेमलेल्या समितीत फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगते. नेमलेला सदस्य बोलण्याआधी दाराकडे पाहतो.

बाई आली म्हणजे हे आपोआप बदलते असे मानायचे दिवस आता राहिले नाहीत. अलीगढचे मुस्लिम विद्यापीठ पाहा. 1920 मध्ये ते स्थापन झाले तेव्हा पहिल्या कुलपती होत्या भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. सर्वोच्च मानाच्या जागी बाई होती, आणि तरी रोजचा कारभार पाहणाऱ्या कुलगुरूच्या खुर्चीवर पहिली बाई यायला 2024 चा एप्रिल उजाडला. दरम्यान 2014 मध्ये तिथल्या महिला महाविद्यालयाच्या मुलींना विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात प्रवेश द्यावा की नाही यावर केवढा गदारोळ झाला! मुली आल्या तर मुले चौपट येतील, जागा पुरणार नाही, असे तेव्हाचे कुलगुरू म्हणाले. मुलींना पुस्तके मिळतात, घरपोच मिळतात, हेही सांगून झाले. शेवटी उच्च न्यायालयात याचिका गेली तेव्हा दार उघडले. महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या त्या वेळी नईमा खातून होत्या. 2024 मध्ये कुलगुरू झाल्या त्या याच. त्यांच्या निवडीच्या वेळी हंगामी कुलगुरू होते त्यांचेच पती, आणि तीन नावांची यादी ज्या बैठकांत ठरली त्यांत ते सहभागी होते. यावरून खटला झाला. 2025 मध्ये आधी उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक कायम ठेवली. कायद्याने प्रश्न मिटला, आणि बाईंची स्वतःची पात्रता माझ्या लेखी कमी होत नाही. तरी नवऱ्याने त्या बैठकांतून उठून बाहेर जायला हवे होते. गेले असते तर शंभर वर्षांनी आलेल्या पहिल्या बाईला 'नवऱ्यामुळे आली' हे ऐकावे लागले नसते. परिवार असा नडतो.

याउलट एक उदाहरण आपल्याच मुंबईचे. डॉ. स्नेहलता देशमुख 1995 ते 2000 या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. त्यांच्या काळात विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव आले. त्यांनी कुणाला लेकरू म्हटले असेल, नसेल. पण परित्यक्ता आईच्या मुलीच्या हातात तो कागद पडला तेव्हा तिच्या आईचे नाव त्यावर छापलेले होते, आणि पुढचा कुलगुरू कोणीही आला तरी ते पुसले जाणार नव्हते. राज्य सरकारला शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव सक्तीचे करायला 1 मे 2024 उजाडावा लागला, तेही त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी. त्याच वर्षी देशमुख बाई गेल्या.

म्हणून मायेच्या आश्वासनापेक्षा मला छापील ओळ हवी असते. स्वागताच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघी कुलगुरूंच्या कार्यालयात पत्र घेऊन गेलो. समितीवरचे विद्यार्थी प्रतिनिधी नेमायचे नाहीत, निवडणूक घ्या आणि तारीख जाहीर करा. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक साडेआठला बंद होते आणि मुलांचे होतच नाही, हे कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या. ठेकेदाराकडच्या बायकाही 2013 च्या कायद्यात 'कर्मचारी'च आहेत, तेव्हा समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन त्यांच्या हजेरीच्या खोलीत मराठीत लावा. पगाराचेही लिहिले. ते समितीचे काम नाही असे आमच्यातल्याच एकीचे म्हणणे होते, त्यावर जिन्यात बराच वाद झाला. शेवटी लिहिलेच.

मॅडम बैठकीत होत्या. स्वीय सहायकाने पत्र वाचले आणि म्हणाले, "अहो, एवढे लेखी कशाला? मॅडम आईसारख्या आहेत, येऊन बोला की." आम्ही पोच मागितली. शिक्का मारून मिळाली. भेटीची वेळ अजून आलेली नाही, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. चहाच्या ट्रेवाली यायचे म्हणते आहे. तिची ड्युटी दोनला सुटते, तेव्हा अडीचची वेळ मागितली आहे.