यंत्र विकणाऱ्याने धुळीचा विचार का करावा?

माल चोख दिला आणि माप पुरे केले म्हणजे व्यापाऱ्याचे कर्तव्य संपले काय? की विकलेल्या वस्तूच्या वापरातून जे निपजते, त्याचाही विचार त्याने करावा? हा प्रश्न जुनाच आहे. परंतु लाकूड, प्लायवूड, हार्डवेअर आणि रंग यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या सभासद-बंधूंपुढे तो आज धुळीच्या रूपाने उभा आहे.

पूर्वी रंध्याने व काचकागदाने होणारे काम आता विजेची हत्यारे करतात. गोल करवत, ग्राइंडर, सँडर यांच्यामुळे दिवसाचे काम तासावर आले. पण दिवसभराची धूळही त्याच तासात, आणि अधिक बारीक होऊन, उडू लागली. जिप्सम बोर्डाचे छत किंवा पार्टिशन बसवले की सांधे मसाल्याने भरावे लागतात आणि तो वाळल्यावर घासून सपाट करावा लागतो. भिंतीच्या पुट्टीचेही तसेच. घासणारा कारागीर तोंडाला गमछा बांधून पांढऱ्या धुक्यात उभा असतो. गमछा अडवतो ती जाडी धूळ. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारे, सुमारे ४ मायक्रॉनहून बारीक कण त्याच्या विणीतून सहज पार होतात, आणि ते डोळ्यांनाही दिसत नाहीत.

या धुळीचा परिणाम जगाला अज्ञात नाही. इंग्लंडमधील फर्निचर-कारागिरांत नाकाचा कर्करोग विशेष आढळतो, हे तेथील डॉक्टरांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या संशोधनासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची आणि १९९७ मध्ये स्फटिकमय सिलिकाच्या धुळीची गणना निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली. आपल्या माळव्यातच मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांनी आणि शेजारच्या गुजरातेत खंभातच्या अकीक घासणाऱ्यांनी सिलिकोसिसची किंमत आपल्या आयुष्याने मोजली आहे. जिप्समची धूळ त्याच जातीची आहे, असे आम्ही म्हणत नाही; अतिशयोक्तीने सत्कार्याची हानीच होते. परंतु सांधे भरण्याच्या काही मसाल्यांत सिलिका असते, आणि काँक्रीट किंवा ग्रॅनाइट कापताना तर ती हमखास उडते.

या अनर्थावर उपाय आहे, आणि तो आपल्या दुकानात ठेवता येण्याजोगा आहे. धूळ हवेत पसरल्यावर झाडीत बसण्याऐवजी ती जेथे उत्पन्न होते तेथेच शोषून घ्यावी, हे त्याचे तत्त्व. सँडरच्या तबकडीला छिद्रे असतात. तिला नळी जोडून चाकांवरील शोषक यंत्र लावले की धूळ उडण्यापूर्वीच पिशवीत जाते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने १९९९ मध्ये बोर्ड घासण्याच्या कामाची तपासणी प्रसिद्ध केली. शोषणाविना काम करणाऱ्यांच्या श्वासातील धूळ तेथील कायदेशीर मर्यादेच्या दहापटीपर्यंत गेलेली आढळली. उलट बाजारात मिळणाऱ्या पाच शोषक साधनांनी धूळ ८० ते ९७ टक्के कमी केली.

मात्र घरचा व्हॅक्यूम क्लीनर येथे चालत नाही. जिप्समच्या भुकटीने त्याची चाळण तत्काळ बुजते आणि सर्वांत बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. युरोपात अशा यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत. चाळणीतून एल वर्गात फार तर १ टक्का, एम वर्गात ०.१ टक्का आणि एच वर्गात ०.००५ टक्के धूळ निसटू शकते. यंत्राच्या आधी झाकणबंद बादलीवर भोवरा-विभाजक बसवला, तर बहुतेक भुकटी बादलीतच पडते आणि चाळण दीर्घकाळ टिकते. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकास आवर्जून सांगावी: लाकडाचा भुसा भरलेल्या यंत्राला लोखंड घासणारे ग्राइंडर कदापि जोडू नये, एक ठिणगी आग लावण्यास पुरेशी होते.

‘गिऱ्हाईक मागत नाही, मग ठेवून काय करावे?’ असे कोणी म्हणतील. आमचा प्रश्न असा की, ज्याने ही वस्तू पाहिलीच नाही तो ती मागणार कशी? ‘हत्याराहून शोषक यंत्र महाग पडते,’ हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. लहान ठेकेदारास तो भार एकट्याने झेपणारा नाही. म्हणूनच आमची सूचना अशी की, आपल्या संघाने काही यंत्रे विकत घेऊन सभासदांच्या दुकानांतून रोजच्या भाड्याने द्यावीत. पिशव्या, चाळणी व नळ्या यांचा साठा नियमित ठेवावा. सँडर विकताना त्याला नळी जोडता येते की नाही, हे गिऱ्हाइकास प्रत्यक्ष दाखवावे; आणि यंत्र नसेल तेथे निदान योग्य मुखपट्टी विकल्याशिवाय त्यास जाऊ देऊ नये. यंत्र असले तरी छत घासताना मुखपट्टी हवीच.

कारखान्यातील धुळीसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर बंधन घातले होते. परंतु एखाद्याच्या घरात चार दिवस काम करून निघून जाणाऱ्या सुताराकडे किंवा रंगाऱ्याकडे निरीक्षक फिरकत नाही. त्याची गाठ पडते ती आपल्या गल्ल्याशी. तो उधारी तेथे ठेवतो आणि सल्लाही तेथेच विचारतो. ज्याच्या श्रमावर आपला माल खपतो, त्याचा श्वास शाबूत राहावा, ही काळजी व्यापाराबाहेरची नव्हे. हत्याराच्या बिलावर या काळजीची एक ओळ येत्या वर्षी प्रत्येक सभासदाने वाढवावी, अशी आमची विनंती आहे.