तिकीट आणि दंड

चिखली-खामगाव रस्त्यावरील अमडापुरास आगगाडी नाही; येथील व्यापारी, शेतकरी व विद्यार्थी यांची सारी भिस्त एस. टी.च्या मोटारीवर. या मोटारींत कोठे कोठे एक अनिष्ट व्यवहार चालतो. उतारू अर्धे भाडे वाहकाच्या हाती ठेवतो, वाहक तिकीट देत नाही, आणि दोघेही संतुष्ट असतात. मध्येच तपासनीस चढला म्हणजे उतारूस मूळ भाडे तर भरावे लागतेच. शिवाय चुकविलेल्या भाड्याची दुप्पट किंवा 100 रुपये, यांपैकी अधिक असेल तो दंडही बसतो.

हा दंड आम्ही अन्यायाचा म्हणत नाही. पण कायदा एकट्या उतारूस धरीत नाही, हे किती जणांस ठाऊक आहे? 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 178 व्या कलमान्वये जो वाहक जाणूनबुजून अथवा हयगयीने तिकीट देत नाही किंवा कमी किमतीचे देतो, तोही 500 रुपयांपर्यंत दंडास पात्र आहे. मोटारीतच तिकीट मिळण्याची सोय असेल, तर चढल्यावर होईल तितक्या लवकर भाडे द्यावे, असे 124 वे कलम सांगते. तेव्हा तिकिटावाचून चढणारा प्रत्येकजण चोर नव्हे.

1989 च्या रेल्वे कायद्यातही चूक व लबाडी यांत भेद केला आहे. लबाडीच्या हेतूने केलेल्या प्रवासास 137 व्या कलमाने कैदही होऊ शकते. हेतू सिद्ध करण्याची गरज नसलेल्या 138 व्या कलमाखाली मात्र भाडे व जादा आकार एवढ्यावर भागते. रेल्वेच्या नोकराची आधी परवानगी घेऊन दाखला मिळविला, तर तो जादा आकारही पडत नाही.

परक्यांच्या अमलात सरकारास बुडविणे म्हणजे पाप नव्हे, असे म्हणणारे होते. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेली एस. टी. मात्र आपली आहे. तिची तूट आपणांसच भरावी लागते.

आमचे व्यापारी बंधू पावतीवाचून पैसा मोजीत नाहीत. मग तिकिटावाचून भाडे का मोजावे? प्रत्येकाने तिकीट मागून घ्यावे, दंड भरल्यास त्याचीही पावती घ्यावी. आणि महामंडळाने मोटारीत उतारूच्या दंडाशेजारीच वाहकाचा दंडही ठळक अक्षरांत लावावा. दोघांवर सारखी नजर ठेवील तोच नियम लोक मनापासून पाळतील.