खाडीला सातबारा नाही, मग पंचनामा कशाचा?

अवकाळी पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी आपण तलाठ्याची वाट बघतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे बांधावर येतात, क्षेत्र बघतात, तेहतीस टक्क्यांवर नुकसान आहे का ते ठरवतात आणि पंचनामा होतो. (या तिघांचीही पदनामे शासनाने अलीकडे बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक हा सहायक कृषी अधिकारी झाला. पंचनाम्याचा कागद मात्र तोच आहे.) मदत कमी मिळते, उशिरा मिळते, ही ओरड खरी. पण निदान कागद तरी होतो.

आता समजा, उद्याच्या भरतीबरोबर खाडीत काळे तेल आले. बांधापलीकडची तिवरं काळी पडली, खुबे-शिवल्या तोंड उघडून मेल्या, निवट्यांची बिळे बुजली. पंचनामा कशाचा करणार? गट नंबर कोणता? खातेदार कोण? ओहोटीला पाटी घेऊन चिखलात उतरणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच दप्तरी नाही. खाडीला सातबारा नाही, आणि आपल्याकडे ज्याला सातबारा नाही त्याचे नुकसान होत नाही!

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे एमएससी चित्रा आणि आत येणारे खलिजिया-३ ही दोन जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी आदळली. चित्रा कलंडले, त्यावरचे कंटेनर समुद्रात कोसळले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत तवंग आला, तिवरं माखली. मासेमारीचा हंगाम तोंडावर आलेला, आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक नाही. जानेवारी २०११ मध्ये मुंबई-उरण तेलवाहिनी फुटली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला रॅक कॅरिअर हे जहाज साठ हजार टन कोळसा आणि तीनशे टनांहून अधिक इंधन पोटात घेऊन मुंबईसमोर बुडाले. म्हणजे एका वर्षाच्या आत तीन दणके, तेही एकाच किनाऱ्याला.

रॅक कॅरिअरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने जहाजवाल्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरायला सांगितले. निकाल आला २०१६ मध्ये, घटनेनंतर पाच वर्षांनी. निकाल मोठा होता, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ही रक्कम शासनाकडे भरायची होती. अमुक खाडीतले खुबे किती गेले, ते किती वर्षांनी परतले, हा हिशोब त्यात येणे शक्यच नव्हते, कारण तो कुणी मांडलेलाच नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे की हा हिशोब मांडणे गावाच्या हातात आहे आणि तो तेल येण्याआधी मांडावा लागतो.

आधी का, ते बघा. १९८६ साली मध्य अमेरिकेत पनामाच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी फुटली आणि ऐंशी लाख लिटरच्या आसपास कच्चे तेल तिवरांच्या वनात शिरले. तिथे गालेटा नावाच्या ठिकाणी एका संशोधन संस्थेची प्रयोगशाळा होती. खडकावर कोणते जीव किती, मुळांना कालवं किती, याच्या नोंदी तिथे तेल येण्याआधीपासून होत्या. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांना ठामपणे सांगता आले की काय मेले, किती मेले. वर्षानुवर्षे चिखलातून तेल पुन्हा पुन्हा वर येत राहते, हेही तिथल्याच पाहणीतून जगाला कळले.

याच्या उलट अलास्काचे उदाहरण. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डेझ हा टँकर खडकावर चढला, सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, तिथला हेरिंग मासा एकाएकी कोसळला. तेलाने की रोगाने? यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. एवढा श्रीमंत देश, पण आधीच्या नोंदी पुरेशा नसल्या की तिथेही वाद संपत नाही.

तरी अमेरिकेकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९९० च्या तेल-प्रदूषण कायद्याने त्यांनी हिशोबाची रीत ठरवून दिली. नुसते मेलेले मासे मोजायचे नाहीत. तेल आले त्या दिवसापासून खाडी पूर्ववत होईपर्यंत जितकी वर्षे जातील, त्या सगळ्या वर्षांची तूट मोजायची. आंब्याचे झाड वादळात पडले तर त्या वर्षीच्या पेट्यांचे पैसे देऊन भागते का? नवे कलम धरेपर्यंतची वर्षे कोण भरून देणार? कोकणात प्रत्येक वादळानंतर बागायतदार हाच प्रश्न विचारतो. खाडीच्या बाबतीतही तोच विचारायला हवा.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. टँकरमधून वाहून नेलेल्या तेलासाठी आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे, भारत त्याचा सदस्य आहे. जहाजाच्या स्वतःच्या इंधनाच्या सांडण्यासाठी वेगळा करार आहे, त्यात भारत २०१५ मध्ये सामील झाला. म्हणजे चित्राच्या वेळी हा आधार नव्हता, आता आहे. यात दोन मेखा आहेत आणि त्या गावकारभाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा गुदरावा लागतो. दुसरी जास्त महत्त्वाची. ‘निसर्गाची हानी झाली’ म्हणून ढोबळ रक्कम कुणी देत नाही. खाडी पूर्ववत करायला अमुक कामे केली किंवा करणार आहोत, त्याचा वाजवी खर्च इतका, असे मांडले तरच पर्यावरणाच्या नावाखाली पैसा मिळतो. मासेमारीच्या उत्पन्नाचा दावा वेगळा, तोही पुराव्यावर. म्हणजे आधी काय होते याची नोंद नाही आणि पुढे काय करणार याची योजना नाही, तर हाती काय येणार?

केरळने २०२५ मध्ये काय केले पाहा. मे महिन्यात एमएससी एल्सा-३ हे जहाज त्यांच्या किनाऱ्यासमोर बुडाले. राज्य सरकारने ती घटना राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि ९,५३१ कोटींचा दावा घेऊन उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवण्याचा हुकूम दिला. जहाज निघून गेले की जहाजवाला सापडत नाही, हे त्यांनी ओळखले.

आता साफसफाईबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. तेल आले की सगळीकडे पहिली धावपळ असते ती माणसे जमवून बादल्या-फावडी देण्याची. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा पोरांनी आणि मच्छीमारांनी बादल्यांनी तेल उपसले, कित्येकांनी हातमोज्यांशिवाय. त्यांच्या हिमतीला सलाम. वाळूच्या किनाऱ्यावर तेल लवकर उचलणे बरोबरच आहे, हातात मोजे आणि पायात गमबूट असतील तर. (अंगाला लागलेले तेल रॉकेलने पुसू नये. खोबरेल लावून साबणाने धुवावे.) पण तिवरांत हे करू नका! तिवराची चिखलातून वर आलेली बोटे हे त्याचे नाक आहे. वरच्या तेलाने ती गुदमरतात हे खरे, पण पन्नास माणसे आत शिरली की बोटे मोडतात आणि वरचे तेल पायाखाली चिखलात कोंबले जाते. चिखलात हवा नाही, तिथे ते वर्षानुवर्षे कुजत नाही. पृष्ठभागावर राहिले असते तर भरती-ओहोटीने बरेचसे धुऊन गेले असते. तवंग बाहेरच्या बाहेर, होडीतून अडवून शोषून घ्यावा आणि माखलेली झाडे तोडू नयेत. पाने गळाली म्हणजे झाड मेले असे नसते. अलास्कात किनारा गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला, तेव्हा तेलातून वाचलेले जीवही त्या फवाऱ्याने मेले आणि धुतलेला किनारा सावरायला न धुतलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आपल्या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याने पहिल्या तासात एकच काम करायचे. उघाडीची झडप नीट बसते का ते बघायचे आणि बांधाला खांड असेल तर ती बुजवायची. ऑगस्टमध्ये भात उभे असते, जोळात जिताडा असतो. झडपेला बोटभर फट असली तरी भरतीचे पाणी तेल घेऊन आत येते. उघाडीची दुरुस्ती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहते, ती अशा वेळी महागात पडते.

तरीही शेतात तेल आलेच तर घाईने नांगरू नका. आधी पाण्यावरचे तेल पेंढ्याने टिपून घ्या, तो पेंढा जाळू नका, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात वेगळा ठेवा. पाणी ओसरल्यावर तेलाने चिकट झालेला वरचा थर खरवडून काढा. त्यानंतर मात्र जमिनीला हवा आणि खत, दोन्ही लागते. कच्चा पेंढा गाडला की भात पिवळे पडते, हे आपण अनुभवाने जाणतो. पेंढा खाणारे जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात म्हणून तसे होते. तेल खाणारे जिवाणूही तेच करतात. त्यांना नत्र-स्फुरद दिले, चांगले कुजलेले शेणखत दिले, उखळणी करून हवा दिली, की ते कामाला लागतात. अलास्कात तर समुद्रकिनाऱ्यावर चक्क खत फवारले होते, याच कारणासाठी. खर्च होईल त्याच्या पावत्या जपून ठेवा, कारण पुढच्या दाव्यात तोच पुरावा.

पुनर्स्थापनेच्या नावाखाली रोपे लावून फोटो काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल माझे मत चांगले नाही. चिखलात तेल ताजे असताना लावलेले रोप मरते. आधी थोडी रोपे लावून बघावीत, ती जगली तरच पुढे जावे. पुष्कळदा लावायचीही गरज नसते. पाण्याची ये-जा मोकळी असली आणि जवळ बी देणारी झाडे असली, तर तिवर आपोआप उगवतो. खाडीचे तोंड भरावाने बुजले असेल तर आधी ते मोकळे करा. आणखी एक. मोकळा चिखल म्हणजे पडीक जमीन नव्हे, ते खुब्यांचे आणि पाखरांचे शेत आहे. तिथे तिवरं लावून हेक्टरांचे आकडे वाढतील, पण ज्या बाईची पाटी रिकामी झाली तिला काय मिळाले? जे गेले तेच परत आणायचे. राज्यात २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे, त्याचे काम चांगले चालले आहे. कुठे काय लावायचे, हे ठरवताना त्यांनी खाडीत उतरणाऱ्यांना विचारावे, एवढीच विनंती.

यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. कपाट उघडून ती काढा. बाहेरच्या माणसाने घाईने भरली असेल तर तिच्यात वनस्पतींची लांबलचक यादी असेल आणि खाडीला अर्धे पान. ते अर्धे पान वाढवायचे आहे. वर्षातून चार वेळा, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, खुबे वेचणाऱ्या बायका, पाग टाकणारे दोघेतिघे आणि पंचायतीचा एक माणूस असे खाडीत उतरावे. दहा ठिकाणी खुंट ठोकून ठेवावेत, दर वेळी तिथेच मोजावे. हातभर चौकटीत निवट्यांची बिळे किती, तिवराची नवी रोपे किती, मुळांना कालवं किती. एका बाईला एका ओहोटीत किती पाट्या मिळाल्या, कितीला विकल्या, किती घरी खाल्ल्या. घरी खाल्लेले आवर्जून लिहा, तीही कमाईच आहे. त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक फोटो. खताचे प्रात्यक्षिक घेताना आपण शेजारी बिनखताचा वाफा ठेवतो, तसे शेजारच्या खाडीतही दोन खुंट असू द्यावेत. उद्या तेल फक्त तुमच्या खाडीत आले तर फरक दाखवायला तीच जागा उपयोगी पडेल.

मासळीबद्दलही याच वहीत लिहावे. पोहणारा मासा अंगातले तेल तुलनेने लवकर बाहेर टाकतो, खुबे-कालवं ते जास्त काळ धरून ठेवतात. म्हणून ‘मासळी खाऊ नका’ असा सरसकट हुकूम नको. खाडीगणिक तपासणी होऊन निकाल बाजारात लावला पाहिजे. चांगली मासळीही विकली गेली नाही, तर ते नुकसान कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते वहीत असू द्या.

शेवटी नमुन्यांचे. प्रत्येक तेलाची घडण वेगळी असते, प्रयोगशाळेत ती जुळवून ते कोणत्या जहाजाचे हे सांगता येते. म्हणून तेल आल्यावर पहिल्याच ओहोटीला नमुना घ्यावा. बाटली काचेची हवी, प्लास्टिकची नको, आणि झाकणाखाली अॅल्युमिनियमचा कागद लावावा. दोन बाटल्या, दोन्हींवर तारीख, वेळ, जागा आणि पंचांच्या सह्या. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोच घेऊन द्यावी, दुसरी गावात थंड आणि अंधारात ठेवावी. पंचायतीत फ्रीज नसेल तर कोळीवाड्याजवळ बर्फाचा कारखाना असतोच, तिथे सांगून ठेवावे.